अन्नमैल

अन्नपदार्थाने उत्पादनस्थळापासून ग्राहकापर्यंत केलेला प्रवास आणि त्यामुळे पर्यावरणावर पडणारा भार दर्शविणारी संज्ञा. ‘फूड माइल्स’ हा मूळ शब्दप्रयोग ब्रिटनमधील असून तो अन्नधोरणाचे अभ्यासक टिम लँग यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी रूढ केला, असे सामान्यतः मानतात. १९९४ मध्ये सेफ अलायन्स या तेथील संघटनेच्या अहवालाच्या शीर्षकात तो आला. उत्पादक व ग्राहक यांच्यातील दुरावा दाखविणे हाही त्यामागील एक हेतू होता. कर्बभाराचे (हवामान तापविणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनाचे) माप म्हणून त्याचा वापर बहुधा नंतरचा असावा.

नुसत्या अंतरावरून भार ठरत नाही. तो टन-किलोमीटरवर मोजतात. एक टन माल एक किमी नेताना जहाजातून सुमारे १० ग्रॅम, तर विमानातून एक किग्रॅ.हून थोडे अधिक कार्बन डाय-ऑक्साइड-समतुल्य (म्हणजे असे सर्व वायू कार्बन डाय-ऑक्साइडच्या मापात मांडून) उत्सर्जन होते, असे धरतात. त्या हिशेबाने ६,००० किमी विमानाने आलेल्या एक किलो शेंगांमागे सुमारे सात किलो उत्सर्जन पडते, जहाजाने आल्यास ६० ग्रॅम. मात्र जगातील अन्नवाहतुकीत विमानाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे.

अन्नाच्या एकूण उत्सर्जनातील वाहतुकीच्या वाट्याविषयी एकवाक्यता नाही. अमेरिकी कुटुंबांच्या अन्नासाठी वेबर व मॅथ्यूज यांनी (२००८) तो ११ टक्के काढला. त्यात उत्पादकापासून दुकानापर्यंतचा टप्पा अवघा ४ टक्क्यांचा. पूअर व नेमेचेक यांच्या ११९ देशांतील शेतांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासानुसार (२०१८) अन्नव्यवस्थेच्या उत्सर्जनात वाहतूक सुमारे ६ टक्के येते. याउलट २०२२ मधील सिडनी विद्यापीठाच्या अभ्यासाने ती सुमारे एक-पंचमांश ठरविली. हा फरक बव्हंशी सीमारेषेचा दिसतो : सिडनीच्या हिशेबात खते, यंत्रे इ. शेतीपर्यंत आणण्याची वाहतूकही धरली आहे. ताटातील पदार्थाच्या निवडीसाठी आधीच्या दोन अभ्यासांची मांडणी अधिक उपयुक्त ठरते.

त्या मांडणीत पदार्थ कोणता, याला अंतरापेक्षा जास्त वजन येते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील मिथेनमुळे गोमांसाचा भार वाटाण्याच्या कित्येक पट भरतो, मग ते शेजारच्या कुरणातले का असेना. हिवाळ्यात इंधन जाळून तापविलेल्या हरितगृहातील टोमॅटोही दूरच्या उबदार प्रदेशातून ट्रकने आलेल्या टोमॅटोपेक्षा महाग पडू शकतो. अर्थात कर्बाच्या हिशेबात.

दुकान ते घर हा टप्पा २०१८ च्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे. ब्रिटिश सरकारसाठी झालेल्या २००५ च्या पाहणीत मात्र ग्राहकांच्या मोटारींच्या फेऱ्याही मोजल्या होत्या.