दार उघडायच्या आधीच आपण घाबरलेलो असतो

परवा भाचीच्या ब्लूटूथ इयरफोनची बॅटरी ऐन ट्रेलरमध्ये संपली. सोफ्यावर पाय वर घेऊन, उशी पोटाशी धरून, एक डोळा बोटांच्या आड ठेवून ती कुठल्याशा हॉरर पिक्चरचा ट्रेलर बघत होती. आवाज गेल्यावर दोनच सेकंदात उशी बाजूला पडली आणि ती म्हणाली, "अरे मामा, ही बाई नुसती कपाटासमोर उभीये, करत काहीच नाहीये." तेच कपाट, तीच बाई, तोच अंधार, पण आवाज गेला आणि भूत बेरोजगार झालं.

मग आम्ही उलटा प्रयोग केला, फोन पालथा ठेवला आणि त्याच ट्रेलरचा नुसता आवाज ऐकला. खरं सांगतो, ते जास्त वाईट होतं.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की पिक्चरकडे दोन तास असतात, हळूहळू माणसं ओळखीची करून मग त्यांच्यामागे भूत लावता येतं, पण ट्रेलरकडे जेमतेम दोन-अडीच मिनिटं. त्या घरातल्या आईचं नावसुद्धा आपल्याला कळलेलं नसतं, तरी तिने तळघराच्या कडीला हात लावला की आपण मनात ओरडतो, अगं नको ना उघडू! ही भीती ट्रेलरवाला स्वतः घेऊन येत नाही, तो आपल्याच खिशातून काढतो. आजवर पाहिलेल्या सगळ्या पिक्चरांनी तिथे भरून ठेवलेली असते, बंद दार, बाहुली, एकटाच कोणाशी तरी बोलणारा पोरगा, बाथरूमचा आरसा. आपल्याकडचा माल वेगळा, वाड्यातला आपोआप हलणारा झोपाळा, विझणारी समई, लांब कुठेतरी रडणारं कुत्रं. यातलं एक दाखवलं की पुढचं काम आपणच करतो.

हे सिद्ध करणारे दोन भन्नाट नमुने आहेत. २००५ साली रॉबर्ट रायंग नावाच्या न्यूयॉर्कच्या एडिटरने एका स्पर्धेसाठी 'द शायनिंग'चा खोटा ट्रेलर कापला, म्हणजे बर्फात अडकलेल्या हॉटेलात बापच कुऱ्हाड घेऊन बायकोमुलामागे लागतो त्या पिक्चरचा, आणि तो ट्रेलर बघून वाटतं की बापलेकाच्या प्रेमाचा गोड कौटुंबिक सिनेमा आहे. पुढच्याच वर्षी क्रिस्टोफर रूल याने उलट केलं, 'मेरी पॉपिन्स' हा १९६४ चा छत्रीवाल्या दाईचा मुलांचा पिक्चर घेतला आणि त्यातलेच शॉट वापरून, संगीत बदलून, असा ट्रेलर केला की ती बाई मुलांना खायलाच आलीये असं वाटावं. नवीन शूटिंग शून्य. घाबरवणारं जे काही होतं ते सगळं कापण्यात आणि आवाजात होतं.

आता डोक्यात नक्की काय होतं ते बघू. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये एक अभ्यास छापला, त्यात ३७ जणांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून हॉरर पिक्चर दाखवले होते. त्यांना भीतीच्या दोन वेगळ्या तऱ्हा दिसल्या. काहीतरी होणार आहे पण अजून झालं नाही, अशी धाकधूक हळूहळू वाढत असताना मेंदूचे बघण्याचे आणि ऐकण्याचे भाग जास्त कामाला लागतात, म्हणजे माणूस अक्षरशः कान टवकारतो. आणि धाडकन काही समोर आलं की भावना, धोका ओळखणं, निर्णय घेणं यांच्याशी संबंधित भाग पेटतात. पहिली भीती वाट बघण्याची, दुसरी दचकण्याची. चांगला ट्रेलर पहिली रचतो आणि दुसरीत फोडतो.

यातलं दचकणं फार जुनं आणि फार मठ्ठ आहे, मठ्ठ म्हणजे ते विचार करत बसत नाही. अचानक मोठा आवाज झाला की कानाकडून सिग्नल मेंदूच्या खालच्या भागात, ब्रेनस्टेममध्ये जातो आणि तिथूनच परस्पर स्नायूंना ऑर्डर सुटते, डोळे मिटा, मान आत घ्या, खांदे वर. डोळ्याची पापणी साधारण ३० ते ५० मिलिसेकंदात हलते. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम अंदाजे ४२ मिलिसेकंदाची, तर पडद्यावर धाड झालं की एका फ्रेमच्या आसपास तुमची पापणी मिटायला लागलेली असते आणि ते भूत होतं का मांजर हे तुम्हाला कळायला अजून वेळ असतो. म्हणून "मी नाही बाबा घाबरत असल्या गोष्टींना" म्हणणारा मित्रसुद्धा उडतोच, आणि मग पॉपकॉर्न गोळा करतो.

पण रस्त्यात फटाका फुटला की आपण जेवढे दचकतो त्यापेक्षा ट्रेलरमध्ये जास्त का दचकतो? याचं उत्तर १९५१ च्या उंदरांवरच्या प्रयोगापासून माहीत आहे. उंदराला एक खूण शिकवली, ही दिसली की शॉक बसतो. नंतर ती खूण दाखवून मोठा आवाज केला तर उंदीर नुसत्या आवाजापेक्षा जास्त उसळतो. पुढे कळलं की यात मेंदूतल्या अमिग्डला या भागाचा हात आहे, आधीच भीती जागी असली की तो दचकण्याचं बटण सैल करून ठेवतो. तळघराचं दार ही आपली ती खूण, आणि शॉक आपल्याला आधीच्या पिक्चरांनी देऊन झालेत. म्हणजे ज्याने जास्त हॉरर पाहिलेत त्याला खुणा जास्त लवकर कळतात, त्यामुळे सरावलेल्या प्रेक्षकाला फसवायला एडिटरला वेगळी युक्ती लागते.

ती युक्ती म्हणजे वेळ चुकवणं, आणि तिचा सगळ्यात जुना नामांकित नमुना १९४२ चा आहे. 'कॅट पीपल' पिक्चरमध्ये एक बाई रात्री एकटीच फुटपाथवरून चाललीये, टाचांचा टक टक आवाज, तिच्यामागे दुसऱ्या टाचांचा आवाज, मग मागचा आवाज बंद. ती घाबरून पळायला लागते, आपल्याला वाटतं आता मागून झडप पडणार, आणि तेवढ्यात बाजूने फुस्सकन फ्रेममध्ये घुसते ती साधी सिटी बस, ब्रेक मारत. त्या बसचा आवाज जनावराच्या फिस्कारण्यासारखा. तेव्हापासून निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावाने असल्या फुसक्या धक्क्याला 'ल्यूटन बस' म्हणतात. हल्लीच्या ट्रेलरात बसच्या जागी नवरा असतो, मागून खांद्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काय झालं? (या नवऱ्यांना हाक मारून यायला काय होतं देव जाणे.) बस गेली, आपण सुटलो म्हणून श्वास सोडला, की खरा धक्का तिथे येतो.

दिग्दर्शक जेम्स वानच्या 'द कॉन्ज्युरिंग'चा २०१३ चा टीझर हे सगळं शिकवायला ठेवावा असा आहे. लपाछपीसारखा एक खेळ आहे, डोळे बांधलेले, आणि लपलेल्याने टाळी वाजवायची. आधी हा खेळ आई दिवसाउजेडी मुलीबरोबर खेळते, म्हणजे नियम आपल्याला शिकवून झाला. मग तीच आई अंधाऱ्या तळघराच्या जिन्यावर अडकलेली, हातात काडी पेटवलेली, समोर काळोख, आणि आपण सगळे डोळे फाडून तो समोरचा काळोख बघतोय. टाळी वाजते ती तिच्या मागून, कानाजवळ. रक्त नाही, चेहरा नाही, नुसते दोन हात. मला आजही वाटतं त्या पिक्चरचा सगळ्यात भारी सीन त्यांनी फुकट वाटून टाकला.

धक्क्याच्या आधी सगळं गप्प होतं हे तुम्हीही पाहिलं असेल. बॅकग्राउंड म्युझिक वर वर चढतं आणि कट, एकदम शांत. याला नाट्य म्हणा, पण शरीरशास्त्राचं एक कारण जुळतं. मोठ्या आवाजाच्या जेमतेम काही दशांश सेकंद आधी एखादा बारीक आवाज झाला तर दचकणं कमी होतं, मेंदूला जणू बारीकशी सूचना मिळते, आणि हे माणसांत आणि उंदरांत शेकडो वेळा मोजलेलं आहे. एडिटर लोकांनी हे वाचून शांतता ठेवली असं मी म्हणत नाही, त्यांना ते थिएटरात बसून कळलं असणार. पण ती शांतता धक्क्याला सूचना मिळू देत नाही एवढं नक्की.

शांततेचा दुसरा फायदा तर सरळ हिशोबाचा आहे, आणि मला हा फार आवडतो. अमेरिकेत ट्रेलर फार मोठ्याने वाजतात अशी प्रेक्षकांची ओरड झाली म्हणून तिथल्या इंडस्ट्रीने आवाजाला मर्यादा घातली, ८५ डेसिबल. पण ही मर्यादा सरासरीची आहे, अख्ख्या ट्रेलरचा आवाज मिळून मोजतात. आता ॲक्शन पिक्चरचा ट्रेलर पहिल्यापासून धडाधड वाजत असतो, त्याचं बजेट सगळीकडे पसरतं. हॉररवाला निम्मा वेळ कुजबुज, पावसाची टिपटिप आणि जिन्याची करकर यात घालवतो, डेसिबल शिल्लक टाकतो आणि महिन्याअखेरीला सगळा पगार एका रात्रीत उडवावा तसा एका किंकाळीवर उडवतो.

किंकाळीचंही शास्त्र आहे. कॅलिफोर्नियातले डॅनियल ब्लूमस्टीन हे मार्मोट नावाच्या प्राण्यावर काम करतात, खारीच्या कुळातला पण चांगला मांजराएवढा प्राणी. मार्मोटचं पिल्लू पकडलं की असं किंचाळतं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. घाबरलेला प्राणी जेव्हा स्वरयंत्राला झेपेल त्यापेक्षा जास्त जोर लावतो तेव्हा आवाज फाटतो, त्यात खरखर येते, सूर मध्येच उडी मारतो. स्पीकर फुल करून फाटतो ना, तसंच. असा आवाज ऐकवला की मोठे मार्मोट चरणं कमी करतात. मग ब्लूमस्टीन यांनी २०१० मध्ये १०२ पिक्चरांचे साउंडट्रॅक तपासले आणि हॉररमध्ये असले खरखरीत फाटके आवाज जास्त सापडले. २०१५ मध्ये आणखी एका अभ्यासात दिसलं की माणसाच्या किंकाळीत आवाज सेकंदाला ३० ते १५० वेळा इतक्या वेगाने कमीजास्त होतो, साध्या बोलण्यात हे फारसं नसतं, आणि नेमका हाच खडबडीतपणा अमिग्डलाला जागं करतो. अलार्मच्या आवाजातही तोच सापडला.

ट्रेलरमधला तो अंगावर येणारा, ओल्या काचेवर नख ओढल्यासारखा आवाज येतो ना, तो बऱ्याचदा वॉटरफोन नावाच्या वाद्याचा असतो, तळाला पाणी घातलेलं स्टीलचं भांडं आणि कडेने काशाच्या कांड्या, त्यावर व्हायोलिनसारखा बो फिरवायचा. पाणी हललं की सूर घसरतो आणि कुठल्याच पट्टीत बसत नाही. दिसायला अगदी निरुपद्रवी, स्वयंपाकघरात ठेवलं तर कोणी त्यात चमचे ठेवेल.

मात्र भाचीच्या इयरफोनचा निकाल एवढा सरळ नाही. ब्लूमस्टीन यांच्याच गटाने २०१२ मध्ये साधं संगीत मध्येच फाटेल असं करून लोकांना ऐकवलं. नुसतं ऐकलं तेव्हा लोक अस्वस्थ झाले, उत्तेजितही झाले. पण त्याच संगीताबरोबर अगदी कंटाळवाणा व्हिडिओ दाखवला, माणूस चालतोय, कॉफी पितोय, तर उत्तेजना गेली, वाईट वाटणं मात्र राहिलं. म्हणजे चित्राने आवाजाचा पाय ओढला. फोन पालथा ठेवल्यावर आम्हाला जास्त भीती का वाटली ते मला इथे कळलं, कपाटासमोरची ती बाई दिसत होती तोवर ती फक्त बाई होती.

हे सगळं एवढं खात्रीशीर काम करतं की कधीकधी अंगाशी येतं. २०१८ मध्ये 'द नन' पिक्चरची सहा सेकंदांची जाहिरात यूट्यूबवर आली, आधी नुसतं फोनचं व्हॉल्यूमचं चिन्ह, ते कमी होत जातंय असं दिसतं, माणूस सवयीने आवाज वाढवायला जातो आणि समोर ती नन किंचाळते. दुसरंच काहीतरी बघायला बसलेल्या लोकांनी एवढा आरडाओरडा केला की यूट्यूबने ती काढून टाकली. तिथे ना दार होतं ना बाहुली. सापळा फोनचा, आणि हात प्रेक्षकाचाच.

भाचीने इयरफोन चार्ज करून तो ट्रेलर पुन्हा पाहिला. कपाटाचा सीन यायच्या आधीच तिने उशी ओढून घेतली.