झडप कोण उघडतं, फुगा की धातू? टावीच्या दोन प्रकारांची पार्श्वभूमी

टावी, म्हणजे छाती न उघडता रक्तवाहिनीतून नळी नेऊन हृदयात नवी एऑर्टिक झडप बसवणं. ते करायचं ठरलं की घरच्यांच्या कानावर दोन शब्द पडतात, बलून एक्सपांडेबल आणि सेल्फ एक्सपांडिंग, आणि मग सगळे कंपन्यांची नावं शोधत बसतात. मला वाटतं आधी एवढंच बघावं की झडप आत गेल्यावर ती उघडतं कोण, कारण बाकीचे बहुतेक फरक तिथूनच निघालेत.

१९८५ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी आकसलेली एऑर्टिक झडप, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त जायच्या दारावरची झडप, फुग्याने उघडून दाखवली. पेशंटला लगेच बरं वाटायचं पण काही महिन्यांत झडप परत आवळायची, म्हणजे फुगा काढून घेतल्यावर तिला उघडं धरून ठेवणारं काहीतरी आत राहायला हवं होतं. तिकडे डेन्मार्कचे हेनिंग रुड अँडरसन यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसवायच्या स्टेंटबद्दलचं, म्हणजे वाहिनी उघडी धरणाऱ्या छोट्या जाळीबद्दलचं, भाषण ऐकलं, आणि एवढा छोटा स्टेंट बसतो तर मोठा करून त्यात झडपच का नाही, असं त्यांच्या डोक्यात आलं. हाताने वळलेल्या तारेच्या जाळीत डुकराची झडप शिवून १ मे १९८९ ला त्यांनी ती एका डुकरात बसवली. तो पेपर छापून यायला १९९२ उजाडलं!

माणसात पहिली वेळ आली २००० मध्ये, फिलिप बोनहोफर यांनी गायीच्या मानेतल्या शिरेची झडप १२ वर्षांच्या मुलाला बसवली, पण ती फुप्फुसाकडच्या बाजूला. एऑर्टिक झडप १६ एप्रिल २००२ ला, परत क्रिबिएच, पेशंट ५७ वर्षांचा आणि इतका खालावलेला की ऑपरेशन शक्यच नव्हतं. झडप चालली, पण तो माणूस काही महिन्यांनी दुसऱ्या कारणांनी गेला.

क्रिबिएंची झडप फुग्यावर दाबून बसवलेली, यातूनच पुढे सेपियन नावाची झडप आली. फुगा फुगवताना झडप घसरू नये म्हणून हृदय काही सेकंद पेसिंगने, म्हणजे विजेच्या ठोक्यांनी, खूप जोरात पळवतात. जागा पक्की धरते, जाळी आखूड असल्याने पुढे कधी अँजिओग्राफी लागली तर कॅथेटर म्हणजे बारीक नळी नेणं सहसा सोपं जातं, पण एकदा फुगली की माघार नाही, आणि कॅल्शियम फार असेल तर झडप जिथे बसते ती रिंगच फाटायचा धोका, क्वचित पण असतो.

दुसरं घराणं कोअरव्हॉल्व्हचं, आता एव्होल्यूट. याची जाळी नितिनॉलची, म्हणजे निकेल-टायटॅनियम, थंड पाण्यात नरम पडून दबते आणि शरीराच्या उबेत आपला मूळ आकार घेते. आताच्या मॉडेलमध्ये पूर्ण सोडण्याआधी परत आत ओढून जागा बदलता येते, मला ही सोय फार मोलाची वाटते. पाकळ्या रिंगच्या वर बसतात त्यामुळे छोट्या रिंगमध्ये रक्ताला जागा जास्त मिळते. पण जाळी लांब, हृदयाच्या विजेच्या वाटेवर दाब येतो म्हणून पेसमेकर जास्त जणांना लागत आलाय, आणि कोरोनरीपर्यंत, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांपर्यंत, पोचायचं तर त्या जाळीच्या भोकांतून जावं लागतं.

२०१० च्या पार्टनर ट्रायलने चित्र पालटलं. ऑपरेशन न झेपणाऱ्यांमध्ये नुसत्या औषधपाण्यावर वर्षभरात ५०.७ टक्के लोक गेले, सेपियन बसवलेल्यांत ३०.७ टक्के. २०१९ मध्ये दोन्ही घराण्यांच्या ट्रायल्स ऑपरेशनचा धोका कमी असलेल्या पेशंटमध्येही चांगल्या निघाल्या. तिसरी वाट लोटसची, यंत्राने ताणून उघडणारी, ती २०२० मध्ये बाजारातून काढून घेतली.

छोट्या रिंगवाल्यांची, म्हणजे मुख्यतः बायकांची, स्मार्ट ट्रायल २०२४ मध्ये आली, ७१६ पेशंट. वर्षभरात मृत्यू, अपंग करणारा स्ट्रोक किंवा हार्ट फेल्युअरसाठी परत अ‍ॅडमिट होणं, यात दोन्ही झडपा जवळपास सारख्या. झडपेच्या कामात बिघाड मात्र एव्होल्यूटमध्ये ९.४ टक्के आणि सेपियनमध्ये ४१.६ टक्के. एवढा फरक पुढच्या वर्षांत पेशंटच्या तब्येतीवर दिसतो का, यासाठी त्याच पेशंटचा फॉलोअप ५ वर्षांपर्यंत ठेवलाय.