तेच पान पुन्हा निघतं तेव्हा

माझी भाची रोज सकाळी चहाच्या आधी टॅरोचं, म्हणजे भविष्य सांगायच्या चित्रांच्या पत्त्यांतलं, एक पान काढते. परवा फोनवर आवाज उतरलेला. ‘‘मावशी, दहा दिवसांत ‘टॉवर’ दोनदा आला. ७८ पानांतून तोच! काहीतरी सांगायचंय त्याला.’’ टॉवर म्हणजे वीज पडलेला मनोरा आणि त्यातून कोसळणारी माणसं. तिची नोकरी सध्या डळमळीत, म्हणजे झालंच.

पुन्हा येणारं पान हा खास निरोप असतो, असं टॅरोवाले सांगतात. तर निरोपाचा हिशेब करू.

टॉवरच दोनदा यावा असं आपण आधी ठरवलं नव्हतं. जे पान दुसऱ्यांदा येईल तेच खास ठरणार होतं. म्हणून प्रश्न टॉवरचा नाही. कुठलंही पान पुन्हा येण्याचा आहे. पान काढून परत गड्डीत ठेवायचं आणि नीट पिसायचं, असं धरू. दुसऱ्या दिवशी नवं पान येण्याची शक्यता ७७/७८. तिसऱ्या दिवशी दोन पानं टाळायची, म्हणून ७६/७८. मग ७५/७८... दहाव्या दिवसापर्यंत हे सगळे अपूर्णांक गुणले की दहाही पानं वेगळी निघण्याची शक्यता ०.५५ च्या आसपास येते. म्हणजे दहा दिवसांत एखादं पान पुन्हा येण्याची शक्यता ४५ टक्के! अकराव्या दिवशी ती निम्म्यापुढे जाते. महिनाभर रोज पान काढलंत, तर एकही पुन्हा न येणं हजारात एक-दोनदाच घडेल.

मेख जोड्यांत आहे. दहा दिवसांच्या जोड्या दहा नव्हेत, ४५ होतात: पहिला-दुसरा, पहिला-तिसरा, दुसरा-तिसरा... प्रत्येक जोडी जुळायची शक्यता ७८ मध्ये १. आपलं मन दिवस मोजतं, जोड्या मोजत नाही. वर्गात २३ मुलं असली तर दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, ते गणित हेच. (हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर!)

दहा पानांची ‘केल्टिक क्रॉस’ मांडणी घ्या. आज एकदा मांडली, पुढच्या आठवड्यात पुन्हा. दोन्हींत निदान एक पान सामाईक असण्याची शक्यता ७७ टक्के. आणि ज्याला सगळे घाबरतात ते ‘डेथ’चं पान? दहांत ते असण्याची शक्यता १०/७८, म्हणजे साधारण आठ मांडण्यांत एकदा. त्यात गड्डी अर्धवट पिसलेली असते, म्हणजे मागची पानं पुन्हा हाती लागणं आणखी सोपं. ५२ पत्ते इंग्रजी पद्धतीने, दोन भाग एकमेकांत मिसळून पिसले, तरी नीट मिसळायला सात वेळा पिसावे लागतात, असं गणितज्ञ बेयर आणि डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवलं. आपण रमीला पिसतो तसं वरखाली करून तर कैक पटींनी जास्त.

टॅरोच्या ‘प्राचीन इजिप्शियन ज्ञाना’बद्दलही एक सांगते. ही पानं पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायला निघाली. इजिप्तशी नातं जोडलं फ्रान्सच्या कूर द जेबलँने, १७८१ मध्ये. इजिप्तची चित्रलिपी शांपोलियनने उलगडली १८२२ मध्ये! म्हणजे लिपी वाचता येण्याच्या ४१ वर्षं आधीच अर्थ ठरला होता.

मग मांडणी इतकी ‘लागू’ कशी पडते? मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोररने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून एकच स्वभाववर्णन दिलं. अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले. मनोरा दिसला की ज्याची नोकरी डुगडुगते त्याला नोकरी दिसते, ज्याचं भांडण झालंय त्याला घर दिसतं. चित्र बघून मनातलं बोलायला माझी ना नाही. पण आठ ओळींच्या सल्ल्याला हजार रुपये मोजायला आहे.

भाचीला म्हटलं, नव्याने सुरुवात कर, वहीत रोजचं पान लिही, बघू अकरा दिवस. नवव्याच दिवशी मेसेज आला. दुसऱ्या दिवशीची कपांची तिर्री (कप हा टॅरोतला एक रंग, आपल्या बदाम-इस्पिकसारखा) पुन्हा निघाली होती. खाली लिहिलं होतं, ‘‘गणित पटलं गं. पण तिर्रीच का?’’