डेंग्यूचा डास गटारातला नव्हे

'गटार तुंबलंय, आता डेंग्यू येणार' हे पावसाळ्यात हमखास ऐकू येतं. पण गटारातल्या घाण पाण्यात वाढतो तो मुख्यतः क्यूलेक्स नावाचा डास. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला साठवलेलं, तुलनेने स्वच्छ पाणी लागतं: पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायची. पण पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. बहुतेक घरं इथेच चुकतात. अंडी पाण्याच्या पातळीलगत, आतल्या बाजूला चिकटलेली असतात. सुकली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी भरलं की त्यातून अळ्या बाहेर पडतात. तेव्हा आतून काथ्याने खसखसून घासा, मगच भरा आणि झाका. धूरफवारणीने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाहीत.