स्टोअर्ड फंक्शनची तपासणी

डेटाबेसमध्ये साठवलेल्या फंक्शनमधल्या चुका, तसेच ते कोणत्या टेबलांवर आणि इतर फंक्शन्सवर अवलंबून आहे, हे ते न चालवता शोधण्याची पद्धत.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये फंक्शन लिहिण्याच्या पीएल/पीजीएसक्यूएल भाषेतले फंक्शन तयार होताना फक्त वाक्यरचना तपासली जाते. आत लिहिलेले टेबल किंवा कॉलम खरोखर आहे का, हे ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत कळत नाही. वाशीतल्या एखाद्या सोसायटीचे देखभाल बिल काढणारे फंक्शन घ्या. नियमांच्या टेबलातल्या ‘व्याजदर’ कॉलमचे नाव कोणीतरी ‘वार्षिक_दर’ केले. तो कॉलम वाचणारी ओळ मात्र ‘थकबाकी असेल तर’ या इफच्या आत आहे. नियमित भरणाऱ्यांची बिले बिनबोभाट निघतात. पहिला थकबाकीदार आला की एरर ४२७०३, म्हणजे असा कॉलमच नाही. असा एरर नेमका बिलाच्या रात्री उगवतो आणि महापेच्या ऑफिसातल्या माणसाची घणसोलीहून ठाण्याकडे जाणारी शेवटची गाडी चुकते.

त्याच कॉलमवर व्ह्यू, म्हणजे टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी, असता तर नवे नाव त्यात आपोआप उतरले असते, आणि कॉलम काढायला गेल्यावर डेटाबेसने अडवले असते. पीएल/पीजीएसक्यूएल फंक्शनचा आतला भाग डेटाबेसच्या लेखी नुसता मजकूर असल्याने त्यातल्या अवलंबनाची नोंदच होत नाही. आवृत्ती १४ पासून ‘बिगिन ॲटॉमिक’ या रचनेत लिहिलेल्या साध्या एसक्यूएल फंक्शन्ससाठी ती होते. ओरॅकल हा दुसरा डेटाबेस याबाबत जुना आणि शहाणा: फंक्शनने वापरलेला टेबलाचा भाग बदलला की ते फंक्शन तो ‘इनव्हॅलिड’, म्हणजे अवैध, ठरवतो.

पोस्टग्रेसची ही उणीव पावेल स्तेहुले यांचे ‘पीएलपीजीएसक्यूएल_चेक’ हे एक्स्टेन्शन (डेटाबेसला जोडायचा पूरक भाग) भरून काढते. ते इफच्या दोन्ही वाटा धुंडाळते, पण काहीही चालवत नाही. न वापरलेले व्हेरिएबल, रिटर्नशिवाय संपणारी वाट, न जुळणारे डेटा टाइप असले दोषही ते दाखवते. फंक्शन कोणत्या टेबलांना आणि फंक्शन्सना हात लावते याची यादी वेगळी मिळते. कॉलमला हात लावण्याआधी खरी उपयोगी तीच. ट्रिगर फंक्शन, म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणारे फंक्शन, तपासताना ते कोणत्या टेबलावर बसले आहे हे सांगावे लागते, नाहीतर ‘न्यू’मध्ये, म्हणजे नव्या ओळीत, कोणते कॉलम आहेत हे त्याला कळणार कसे?

मजकूर जोडून बनवलेल्या डायनॅमिक एसक्यूएलपुढे मात्र ही तपासणी थकते. ‘बिल_’ला महिना चिकटवून टेबलाचे नाव तयार केले असेल, तर ते नाव फंक्शन चालल्याशिवाय जन्मालाच येत नाही.