खेळ हवेत, हमी नको : ऑलिंपिक नाकारणाऱ्या शहरांची पार्श्वभूमी

७ नोव्हेंबर १९७२ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी एकाच दिवशी दोन निकाल दिले. रिचर्ड निक्सन यांना पुन्हा राष्ट्राध्यक्षपदासाठी मते दिली आणि डेन्व्हर शहराला मिळालेले १९७६ चे हिवाळी ऑलिंपिक परत पाठवले. मतपत्रिकेवर ‘ऑलिंपिक हवे की नको’ असा प्रश्न नव्हता. राज्याच्या तिजोरीतून या स्पर्धेवर पैसा खर्च करावा का, एवढेच विचारले होते. सुमारे ५९ टक्के लोकांनी ‘करू नये’ म्हटले आणि विषय संपला, कारण राज्याचा वाटा नसेल तर केंद्राचा पैसाही येणार नव्हता.

ऑलिंपिकबद्दलच्या लोकांच्या उदासीनतेचा आणि वैतागाचा इतिहास सांगायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. खेळांवर राग असल्यामुळे एखाद्या शहराने ऑलिंपिक नाकारले, असे क्वचितच घडले आहे. गाडी बहुतेक वेळा अडली ती हमीपत्रावर, म्हणजे तूट आली तर ती भरून देण्याच्या लेखी वचनावर.

डेन्व्हरला यजमानपद मिळाले मे १९७० मध्ये. तेव्हा खर्चाचा आकडा १.४ कोटी डॉलर सांगितला गेला होता. दोन वर्षांत तो साडेतीन कोटींवर गेला. खेळाडूंना शहरापासून फार लांब जावे लागणार नाही, हे दाखवण्यासाठी उताराच्या शर्यती स्निक्टाऊ नावाच्या जवळच्या डोंगरावर ठेवल्या होत्या. त्या डोंगरावर पुरेसा बर्फ पडत नाही. माहितीपत्रकातल्या छायाचित्रावर बर्फ चक्क रंगवण्यात आला! एव्हरग्रीन या गावातल्या लोकांना कळले की स्कीइंगची वाट आपल्या घरांच्या आणि शाळेच्या अंगणाजवळून जाणार आहे. विरोधाची सुरुवात अशी अंगणातून झाली. पैशाचा हिशेब मागणारे रिचर्ड लॅम यांच्यासारखे तरुण आमदार नंतर त्यात उतरले. हेच लॅम १९७४ मध्ये राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. स्पर्धा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला गेली. तिथे १९६४ च्या ऑलिंपिकचीच सोय तयार होती.

त्याच वर्षीचे उन्हाळी ऑलिंपिक कॅनडात मॉन्ट्रियलला झाले. आपल्या मतदानाचा पश्चात्ताप करण्याची वेळ कोलोरॅडोकरांवर का आली नाही, ते तिथे दिसले. पुरुषाला मूल होणे जितके अशक्य तितकेच ऑलिंपिकमध्ये तूट येणे अशक्य, असे तिथले महापौर जाँ द्रापो आधी सांगून बसले होते. स्टेडियमच्या अवघड काँक्रीट बांधकामाला संप, महागाई आणि मुदतीची घाई नडली. उद्घाटनाच्या दिवशी स्टेडियमचा झुकता मनोरा अर्धवटच उभा होता. तो पुरा झाला १९८७ मध्ये. कर्ज फिटले २००६ मध्ये, आणि ते फेडण्यासाठी क्युबेक प्रांताने तंबाखूवर खास कर लावला होता. म्हणजे स्पर्धा झाल्यावर जन्मलेली मुले तिशीत आली तरी सिगारेटच्या पाकिटामागे ऑलिंपिकचा हप्ता जातच होता.

हे सारे पाहून १९८४ साठी जवळजवळ कोणी पुढे आले नाही. तेहरानने माघार घेतल्यावर लॉस एंजेलिस एकटे उरले आणि एकट्या गिऱ्हाइकाला भाव करता येतो, हे त्या शहराने ओळखले. तूट आली तर ती शहराने भरायची, हा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा नियम त्यांनी स्वतःपुरता बाजूला ठेवायला लावला. नोव्हेंबर १९७८ मध्ये तिथल्या मतदारांनी शहराच्या सनदेतच दुरुस्ती करून घेतली : भरपाईची सोय नसेल तर पालिकेचा पैसा ऑलिंपिकला द्यायचा नाही. मुख्य स्टेडियम १९३२ च्या ऑलिंपिकचेच वापरले, खेळाडू विद्यापीठांच्या वसतिगृहांत उतरवले. शेवटी २० कोटी डॉलरहून जास्त शिल्लक राहिली. गंमत म्हणजे ‘ऑलिंपिकमध्ये नफा होतो’ एवढाच धडा जगाने यातून घेतला. तो नफा नियम मोडून घेतल्यामुळे झाला, हे नंतरच्या इच्छुक शहरांना कोणी सांगितले नाही.

ही हमी नेमकी काय असते, ते पाहू. यजमान शहराची निवड जाहीर झाली की लगेच करारावर सह्या होतात. एका बाजूला आंतरराष्ट्रीय समिती, दुसऱ्या बाजूला शहर आणि त्या देशाची ऑलिंपिक समिती. संयोजन समिती स्थापन झाली की तीही दुसऱ्या बाजूला येऊन बसते. या दुसऱ्या बाजूचे सगळे एकत्रितपणे आणि प्रत्येकी स्वतंत्रपणेही जबाबदार धरले जातात. बँकेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला हे कलम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून आणि जागतिक प्रायोजकांकडून आलेल्या पैशातला ठरलेला वाटा आंतरराष्ट्रीय समिती देते; त्यापुढची तूट यजमानांची.

दुसरी मेख अंदाजपत्रकात. अंदाजपत्रके दोन असतात. पहिले संयोजन समितीचे : तिकिटे, प्रायोजक, सोहळे, खेळाडूंची ने-आण, तात्पुरते मंडप. दुसरे सरकारचे : स्टेडियम, रस्ते, मेट्रो, क्रीडाग्राम, बंदोबस्त. ‘स्पर्धा फायद्यात गेली’ असे वाचले की ते पहिल्या वहीबद्दल असते. वाढ होते ती बहुतेक दुसऱ्या वहीत. लंडनने २००५ मध्ये यजमानपद मिळवले तेव्हा सरकारी निधीचा आकडा २.४ अब्ज पौंड होता. मार्च २००७ मध्ये तो ९.३ अब्ज झाला. दोन वर्षांत विटा-सिमेंट चौपट महागले नव्हते. पहिल्या आकड्यात मूल्यवर्धित कर धरलाच नव्हता, पोलिस बंदोबस्ताचा मोठा भाग धरला नव्हता आणि अडीअडचणीसाठी पुरेशी रक्कम राखली नव्हती. सुधारित आकड्यात नुसती ही राखीव रक्कमच २.७ अब्ज होती. शिवाय उद्घाटनाची तारीख हलत नाही. इतर सरकारी कामात पैसे संपले तर काम रेंगाळते; इथे काम रेंगाळले की पैसे वाढवायचे, दुसरा मार्गच नसतो. १९६० ते २०१६ या काळातल्या स्पर्धांचा हिशेब मांडणाऱ्या ऑक्सफर्डच्या अभ्यासकांना सरासरी वाढ १५६ टक्के आढळली. मॉन्ट्रियलची ७२० टक्के.

पैसा झाला एक भाग. रोजचा वैताग वेगळा, आणि त्याचा उत्तम नमुनाही लंडनच. २५ जुलै २०१२ पासून शहरात सुमारे ४८ किलोमीटर लांबीच्या मार्गिका स्पर्धेच्या गाड्यांसाठी राखून ठेवल्या. सकाळी ६ ते मध्यरात्री १२ या वेळेत सामान्य माणसाची गाडी त्यात शिरली तर दंड १३० पौंड. खेळाडूंसाठी हे ठीक होते. पण त्याच मार्गिकेतून पदाधिकारी, पाहुणे आणि प्रायोजकही जाणार होते. लंडनकरांनी तिला सोव्हिएत काळातल्या नेत्यांच्या मोटारीवरून ‘झिल लेन’ असे नाव ठेवले. बो भागात लोकवस्तीच्या इमारतीवर विमानविरोधी क्षेपणास्त्रे बसवली गेली. दुसऱ्या एका टॉवरमधले रहिवासी न्यायालयात गेले आणि हरले.

दुकानदारांची तऱ्हा आणखी वेगळी. २००६ च्या कायद्यात शब्दांच्या दोन याद्या होत्या. पहिलीत ‘गेम्स’, ‘२०१२’, ‘ट्वेंटी ट्वेल्व्ह’ असे शब्द. दुसरीत ‘गोल्ड’, ‘सिल्व्हर’, ‘ब्राँझ’, ‘लंडन’, ‘समर’, ‘मेडल्स’. पहिलीतले दोन किंवा दोन्हींतला एकेक शब्द जोडून जाहिरात केली, तर ऑलिंपिकशी नाते सांगितल्याचा ठपका येऊ शकत होता. स्वतःच्या करातून उभ्या राहिलेल्या स्पर्धेचे नाव स्वतःच्या दुकानाच्या काचेवर लिहिता येत नाही म्हटल्यावर कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला तिच्याबद्दल काय वाटणार? त्यात ‘गर्दी होईल, मध्यवर्ती भाग टाळा’ अशी घोषणाबाजी महिनोन्महिने झाली. लोकांनी ती इतकी मनावर घेतली की ऐन स्पर्धेत मध्य लंडनमधली दुकाने, टॅक्सीवाले आणि नाट्यगृहे गिऱ्हाईक कमी म्हणून ओरडत होती. खरे तर स्पर्धा सुरू झाल्यावर शहराचा नूर पालटला, स्टेडियम भरले, ब्रिटनने पदके लुटली. तेव्हापासून संयोजकांचा एक समज पक्का झाला : आधीची कुरकुर मोजायची नाही, ती पहिल्या सुवर्णपदकाला विरते.

हा समज मतपेटीपुढे टिकला नाही. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी निघालेली शहरे एकेक करून गळाली. मार्च २०१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांताने नकार दिला. नोव्हेंबरमध्ये म्युनिक आणि त्याच्यासोबतच्या तिन्ही भागांनी. जानेवारी २०१४ मध्ये स्टॉकहोम, मे महिन्यात क्राकोव. तिथे तर जवळजवळ ७० टक्के मते विरोधात. रशियातल्या सोची इथल्या २०१४ च्या हिवाळी स्पर्धेचा ५१ अब्ज डॉलरचा आकडा तेव्हा वर्तमानपत्रांतून गाजत होता, त्याचाही धसका होता.

ऑस्लोची कथा मात्र थांबून सांगावी अशी. जिथे लोक हौसेने थंडीत कुडकुडत स्कीइंगच्या शर्यती पाहतात, त्या नॉर्वेच्या राजधानीने सप्टेंबर २०१३ मध्ये ‘हो’ म्हटले होते. प्रश्न आला सरकारी हमीचा. चर्चा चालू असतानाच आंतरराष्ट्रीय समितीच्या सदस्यांच्या सरबराईच्या अपेक्षा तिथल्या वर्तमानपत्रांत आल्या. विमानतळावर वेगळे प्रवेशद्वार. रस्त्यावर वेगळी मार्गिका. हॉटेलचा बार रात्री उशिरापर्यंत चालू. बैठकीच्या खोलीचे तापमान बरोबर २० अंश. आणि राजेसाहेबांसोबत मद्यपानाचा स्वागत समारंभ, खर्च राजघराण्याचा नाहीतर संयोजकांचा. आपल्याकडच्या वरमाईच्या मानपानाची यादी यापेक्षा आखूडच असते. जिथे राजाने एकेकाळी ट्राममधून प्रवास केल्याचे लोक कौतुकाने सांगतात, तिथे हे पचणे शक्य नव्हते. १ ऑक्टोबर २०१४ रोजी सत्ताधारी पक्षाने हमीला नकार दिला. या केवळ सूचना होत्या, अर्धसत्यावर निर्णय झाला, असा खुलासा समितीने केला. तो कोणी फारसा मनावर घेतला नाही. रिंगणात उरले बीजिंग आणि कझाकस्तानचे अल्माटी. बीजिंग ४४ विरुद्ध ४० मतांनी जिंकले. दोन्हीकडे सार्वमताचा प्रश्नच नव्हता.

२०२४ साठी तोच प्रकार, फक्त वेगाने. बॉस्टनची निवड अमेरिकी समितीने जानेवारी २०१५ मध्ये केली. काही दिवसांतच करारातले एक कलम उघड झाले, त्यात पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी ऑलिंपिकवर टीका करू नये असे म्हटले होते. ते बदलावे लागले, पण बूंद से गई ती गेलीच. २७ जुलैला महापौर मार्टी वॉल्श यांनी, विरोधक म्हणजे ट्विटरवरची दहाएक माणसे, असे म्हणत म्हणतच करदात्यांना बांधणाऱ्या हमीवर सही करायला नकार दिला. त्याच दिवशी बॉस्टन बाद झाले. नोव्हेंबरमध्ये हॅम्बुर्गने ५१.६ टक्क्यांनी ‘नको’ म्हटले, पुढच्या वर्षी रोमच्या महापौरांनी. बुडापेस्टमध्ये तरुणांच्या एका चळवळीने २,६६,१५१ सह्या गोळा केल्या आणि सार्वमत व्हायच्या आतच अर्ज मागे घेतला गेला. १९७६ मध्ये डेन्व्हरच्या मदतीला धावलेल्या इन्सब्रुकच्या टिरोल प्रांतानेही २०१७ मध्ये २०२६ च्या हिवाळी स्पर्धेला नकार नोंदवला. १९८८ ची स्पर्धा अभिमानाने मिरवणारे कॅलगरी २०१८ मध्ये त्याच स्पर्धेला ५६.४ टक्क्यांनी नाही म्हणाले.

टोकियोने करारातले आणखी एक कलम लोकांना पाठ करवले. २०२१ मध्ये महासाथ चालू असताना जपानमधल्या जनमत चाचण्यांत बहुसंख्य लोक ‘रद्द करा किंवा पुढे ढकला’ म्हणत होते. पण स्पर्धा रद्द करण्याचा अधिकार करारानुसार आंतरराष्ट्रीय समितीकडे होता, शहराकडे नव्हता. जवळजवळ प्रेक्षकांविनाच स्पर्धा झाली. अर्जातले ७३४ अब्ज येन शेवटच्या हिशेबात १४२३ अब्जांच्या वर गेले.

समितीने यातून बोध घेतला, पण आपल्या सोयीचा. अस्तित्वात असलेली मैदाने वापरा, खेळ शेजारच्या शहरांत वाटा, ही सुधारणा खरी आणि चांगली. दुसरी सुधारणा अशी की २०१९ पासून शहरांची उघड शर्यतच बंद झाली. एका शहराशी शांतपणे बोलणी करायची आणि तयार झाले की सभेपुढे एकच नाव आणायचे. ब्रिस्बेन २०३२ असेच आले. शहर जगापुढे हरत नाही हा फायदा. लोकांना आकडे उशिरा दिसतात हा तोटा. तरीही मत विचारले की नेहमी नकारच येतो असे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये म्युनिकने सुमारे दोन-तृतीयांश बहुमताने होकार दिला. त्यांच्या आराखड्याचा कणा १९७२ चेच ऑलिंपिक पार्क आहे.

आता हा विषय आपल्या दारात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय समितीच्या अधिवेशनात पंतप्रधानांनी २०३६ च्या ऑलिंपिकच्या यजमानपदाचा मनोदय जाहीर केला, १ ऑक्टोबर २०२४ ला तसे पत्र गेले आणि २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली. त्याआधी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे यजमानपद २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या दर्बानकडून काढून घ्यावे लागले होते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने तर २.६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज ६ ते ७ अब्जांवर गेल्यावर २०२६ ची स्पर्धा ३८ कोटी डॉलर भरपाई देऊन सोडून दिली. जनमत कौल म्हटले की आपल्याला १९६७ चा गोव्याचा कौल आठवतो. क्रीडास्पर्धेसाठी तसे काही विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी तूट भरून देण्याची हमी केंद्र सरकारने २००३ मध्येच दिली होती. त्याआधी, डिसेंबर २००२ मध्ये, खर्चाचा अंदाज १,२०० कोटी रुपयांचा होता. तो १८,५३२ कोटींवर कसा गेला, हे लोकांना सविस्तर वाचायला मिळाले ऑगस्ट २०११ मध्ये, महालेखापरीक्षकांच्या अहवालात. तोवर स्पर्धा होऊन दहा महिने झाले होते.