अडीचशेचा कॉपी गॉगल आणि खरा स्पोर्ट्स गॉगल : डोळ्यांसाठी फरक काय?

भाचा परवा संध्याकाळी आला तो गॉगल लावूनच, घरात शिरल्यावरही काढेना. म्हणे, मामा बघ, डिट्टो ओक्ली (स्पोर्ट्स गॉगलची महागडी अमेरिकन कंपनी), एफसी रोडला अडीचशेला मिळाला, फर्स्ट कॉपी आहे. नवीन सायकल घेतलीये त्याने, येत्या रविवारी आमच्याबरोबर सिंहगडाला यायचंय, त्याची ही तयारी. मग जरा वेळाने हळूच विचारलं, "कॉलेजमधला एक जण म्हणतो डुप्लिकेट गॉगलने डोळे जातात, खरंय का रे मामा?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण सायकलवाल्यांपासून मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांपर्यंत सगळेच हे विचारतात, आणि उत्तर देणारे एकतर सरळ घाबरवून सोडतात नाहीतर "काय फरक पडतो, काच ती काच" म्हणतात, आणि दोन्ही अर्धवट आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढावी लागते ती म्हणजे काच जितकी काळी तितकं संरक्षण जास्त. काळेपणा आणि यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) अडवणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. आपल्याला जो उजेड दिसतो तो साधारण ४०० नॅनोमीटरच्या (उजेडाच्या लहरीची लांबी मोजायचं माप) पुढचा, यूव्ही त्याच्या अलीकडचा, म्हणजे डोळ्याला दिसतच नाही. त्यातला २८० ते ३१५ चा पट्टा यूव्ही-बी, ३१५ ते ४०० चा यूव्ही-ए, आणि २८० च्या खालचा ओझोनमुळे जमिनीपर्यंत येतच नाही. काचेतला काळा रंग दिसणारा उजेड कमी करतो, न दिसणाऱ्याचं काय करायचं ते काच कशाची बनलीये आणि तिच्यात काय मिसळलंय त्यावर ठरतं. म्हणून पूर्ण पारदर्शक, पांढरी काच सगळा यूव्ही अडवू शकते आणि मिट्ट काळी काच बराचसा आत सोडू शकते.

यूव्हीने काय होतं हे ज्याला बघायचंय त्याने भोसरी-चाकणकडच्या कुठल्याही वेल्डरला विचारावं. वेल्डिंगची आर्क, म्हणजे तो झगझगीत उजेड, डोळ्याला लागली की त्या वेळी काही कळत नाही, काही तासांनी, बहुतेक रात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. ते बुबुळाच्या वरच्या थराचं यूव्हीने भाजणं आहे. उन्हाने एका दिवसात असं सहसा होत नाही (बर्फात होतं, कारण ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत फेकतो), पण वर्षानुवर्षं थोडं थोडं साठून मोतीबिंदू लवकर येणं, पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांस वाढत जाणं, पापण्यांच्या कातडीचे त्रास, हे सगळं त्याच खात्यातलं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, सिंहगड तेराशेच्या आसपास, आणि दर हजार मीटरला यूव्ही साधारण १० टक्क्यांनी वाढतो, शिवाय ढग पातळ असले तर त्यातूनही बहुतेक सगळा खाली येतो, त्यामुळे पावसाळ्यात गॉगल कपाटात टाकून देणारे चूक करतात.

आता कॉपी गॉगलचं. इथे बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल, पण यूव्हीच्या बाबतीत कॉपी गॉगल वाटतो तितका वाईट नसतो. कारण पॉलिकार्बोनेट नावाचं जे प्लास्टिक आहे ते मुळातच ३८० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंतचा यूव्ही जवळजवळ सगळा शोषून घेतं, त्यासाठी वर काही लावावं लागत नाही. भारीतल्या स्पोर्ट्स गॉगलची काचही पॉलिकार्बोनेटचीच असते, ओक्लीवाले तिला प्लुटोनाइट म्हणतात एवढंच. गाड्यावरच्या कॉपीत तेच प्लास्टिक असेल तर यूव्ही अडणारच, त्याला लोगो खरा की खोटा याच्याशी घेणंदेणं नाही. पण "असेल तर". तीच काच साध्या अ‍ॅक्रिलिकची असली आणि त्यात यूव्ही शोषणारं काही घातलेलं नसलं तर यूव्ही-एचा चांगलाच भाग आत येतो, आणि हातात घेऊन कोणती काच कशाची ते तुम्हाला कळत नाही, विकणाऱ्यालाही माहीत नसतं, त्याच्याकडे पोत्यातून माल येतो. एकाच गाड्यावरचे एकसारखे दिसणारे दोन गॉगल दोन वेगळ्या कारखान्यांतले असू शकतात. यूव्ही ४०० चं (४०० नॅनोमीटरपर्यंतचा यूव्ही अडवतो असा दावा करणारं) स्टिकर तर काय, रोलवर छापून मिळतं.

आणि अंधाऱ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते हे खरं आहे, शिवाय आपण उघड्या डोळ्यांनी जे डोळे बारीक करतो तेही करत नाही. म्हणजे काळी पण यूव्ही न अडवणारी काच लावली तर गॉगल न लावण्यापेक्षा वाईट होऊ शकतं. कॉलेजमधल्या त्या मुलाने हेच कुठेतरी ऐकलेलं असणार. त्याची भीती चुकीची नाही, पण सरसकट प्रत्येक कॉपीला ती लागू होत नाही.

भाच्याने मग खिशातून एक छोटं कार्ड काढलं. म्हणे त्या गॉगलवाल्याने टेस्ट करून दाखवली ना. हे कार्ड तुम्ही पाहिलं असेल, नुसत्या डोळ्यांनी त्यावर काही दिसत नाही, गॉगलमधून बघितलं की मासा किंवा गाडीचं चित्र उमटतं आणि विकणारा म्हणतो बघा, यूव्ही प्रोटेक्शन. साफ चूक. ते कार्ड फक्त एवढंच सांगतं की काच पोलराइज्ड आहे, म्हणजे ओल्या रस्त्यावरून, गाडीच्या बॉनेटवरून, खडकवासल्याच्या पाण्यावरून जी आडवी चमक येते ती कापते. डोळ्याला आराम वाटतो, चांगली सोय आहे, पण यूव्हीशी तिचा काही संबंध नाही, पोलराइज्ड काच यूव्ही सोडणारी असू शकते आणि साधी काच सगळा यूव्ही अडवणारी. आणि सायकलवर मोबाइल लावून मॅप बघणाऱ्यांना सांगतो, पोलराइज्ड काचेतून काही स्क्रीन ठरावीक कोनात काळ्या दिसतात, घ्यायच्या आधी आपला फोन आडवा-उभा धरून बघा.

खरी तपासणी फार अवघड नाही. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत यूव्ही मोजायचं मशीन असतं, ओळखीचा दुकानदार असेल तर दोन मिनिटांत टक्का सांगतो. घरी करायचं तर नोटा तपासायची यूव्ही टॉर्च, ३६५ नॅनोमीटरची, खोलीत अंधार करून नोटेच्या नंबरवर मारायची, नंबर चमकतो, मग मध्ये गॉगलची काच धरायची. आम्ही केलं. भाच्याच्या काचेमागे नंबर विझला. मग मी माझा पहाटेच्या राइडचा पांढऱ्या काचेचा गॉगल धरला, त्यातून समोरची भिंतसुद्धा स्वच्छ दिसत होती, आणि नंबर तरी विझलाच. तेव्हा त्याला काळेपणाची गोष्ट खऱ्या अर्थाने पटली. फक्त टॉर्च ३६५ चीच हवी, स्वस्तातल्या जांभळ्या टॉर्च बऱ्याचदा ३९५ च्या असतात आणि त्यांच्यावरून चांगली काचही नापास वाटू शकते.

म्हणजे त्याचा गॉगल यूव्हीत पास. तो उठायलाच लागला. म्हटलं बस, आता माझी भुवई बघ.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, बोपदेव घाट उतरत होतो, सकाळचे आठ वगैरे, पुढे खडीचा ट्रक. असाच कॉपी गॉगल होता माझा, खालून फ्रेम नसलेला अर्ध्या रिमचा. एक खडा उडाला, फार मोठा नाही, शेंगदाण्याएवढा असेल. उजवी काच मधोमध फुटली, वरचा तुकडा खाचेतून सुटून आतल्या बाजूला आला आणि भुवईखाली घुसला. दोन टाके पडले. डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला, काही झालं नव्हतं, पण त्यांनी तो तुकडा बोटात धरून दाखवला, त्याची कड सुरीसारखी होती. तेव्हापासून मी या विषयात पडलोय.

खऱ्या आणि कॉपीतला मोठा फरक इथे आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. अमेरिकेत साध्या गॉगलच्या काचेलासुद्धा नियम आहे, साधारण १६ मिलिमीटरचा स्टीलचा गोळा ५० इंचांवरून, म्हणजे सव्वा मीटरहून जरा जास्त उंचीवरून, काचेवर पडला तरी ती फुटता कामा नये. कामगारांच्या सेफ्टी चष्म्यांचं अमेरिकेतलं स्टँडर्ड, अ‍ॅन्सी झेड ८७.१, त्याच्या कितीतरी पुढे जातं, त्यातल्या इम्पॅक्टवाल्या, म्हणजे झेड ८७+ खूण असलेल्या चष्म्यांवर सव्वासहा मिलिमीटरची गोळी ताशी सुमारे १६५ किलोमीटरने मारतात आणि त्याच उंचीवरून अर्धा किलोचं टोकदार वजन पाडतात, काच फुटायची नाही आणि फ्रेममधून सुटायचीही नाही. स्पोर्ट्समधली काही चांगली मॉडेल्स ही टेस्ट पास झालेली असतात (सगळी नाही, मॉडेल बघून घ्यावं लागतं). कॉपी बनवणारा बाहेरचा आकार उचलतो. काच किती जाड, खाच किती खोल, दांडीचं प्लास्टिक वाकतं की काडकन मोडतं, यातलं काही फोटोत दिसत नाही, म्हणून तो त्यावर पैसे घालत नाही. उन्हात बसून गप्पा मारायला हे चालेल. घाटात ताशी पन्नासने खाली येताना, किंवा स्लिपला उभं राहून लेदर बॉल झेलताना, डोळ्यासमोर फुटणारी वस्तू लावून जाणं मला मान्य नाही, त्यापेक्षा टोपीचा शेड पुढे ओढावा.

दुसरा फरक काचेच्या आकारात. स्पोर्ट्स गॉगलची काच चेहऱ्याभोवती वळलेली असते आणि अशा वळलेल्या, तिरप्या बसणाऱ्या काचेतून उजेड वाकडा होतो, समोरची वस्तू आहे त्यापेक्षा किंचित बाजूला दिसते. चांगल्या कंपन्या काच मध्ये जाड आणि कडेला पातळ करत नेऊन ते सरळ करतात, मेहनतीचं काम आहे, किमतीतला थोडा तरी भाग त्याचा असतो. कॉपीत हे बहुतेक नसतं. दोन डोळ्यांना थोडं वेगळं दिसतं, मेंदू दिवसभर जुळवत बसतो आणि दुपारी डोकं धरतं, लोकांना वाटतं ऊन लागलं. हे तपासायला मशीन लागत नाही. गॉगल हातभर लांब धरायचा, काचेतून फरशीची सरळ रेष किंवा खिडकीचा गज बघायचा आणि गॉगल हळूहळू डावी-उजवीकडे, वर-खाली हलवायचा. भाच्याने हॉलमधल्या फरशीवर केलं. रेष काचेच्या कडेला आली की पाण्यातल्या काठीसारखी वाकत होती, मध्ये एका ठिकाणी तर हलल्यासारखी वाटत होती. तो काही बोलला नाही, परत परत तेच करून बघत बसला. उतारावर खड्डा नक्की किती लांब आहे हे तुम्ही अशाच काचेतून ठरवता.

रंगाचं पटकन सांगतो. खऱ्या गॉगलवर किंवा त्याच्या कागदावर ० ते ४ अशी कॅटेगरी असते, आयएसओ १२३१२-१ नावाच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे. आपल्या उन्हाला ३ बरोबर, ती ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते. ४ म्हणजे ३ ते ८ टक्के, ती बर्फाळ डोंगरासाठी, ती लावून गाडी चालवायची नसते. त्याच स्टँडर्डमध्ये सिग्नलचे रंग नीट ओळखू येतात का तेही तपासतात. कॉपीवर यातलं काही लिहिलेलं नसतं किंवा लिहिलेलं खोटं असतं, आणि कात्रजच्या बोगद्यात शिरल्यावर कळतं की काच गरजेपेक्षा कितीतरी काळी आहे. सीई मार्कचंही (युरोपातले नियम पाळल्याची खूण) तेच, गॉगलसाठी तो मार्क युरोपातसुद्धा कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर लावते, म्हणजे त्याची किंमत त्यामागे उभ्या असलेल्या कंपनीएवढीच, आणि कॉपीच्या मागे कोणीच उभं नसतं.

कॉपीच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल करतो, तिचा आकार. बाजूने, वरून, रस्त्यावरून उलटून येणारा यूव्ही अडवायला चेहऱ्याला चिकटून बसणारी फ्रेम लागते, आणि यात यूव्ही अडवणारी कॉपी एखाद्या महागड्या पण बारक्या, गोल, फॅशनच्या ओरिजिनल गॉगलपेक्षा सरस ठरू शकते. तसंच ओरखडे पडले म्हणून पॉलिकार्बोनेटचं यूव्ही अडवणं बंद होत नाही, ते प्लास्टिकच्या अंगातच असतं, फक्त उजेड पसरतो आणि दिसायला त्रास होतो. लहान मुलांच्या बाबतीत मी अजिबात सूट देत नाही, त्यांच्या डोळ्यातलं भिंग जास्त स्वच्छ असतं, यूव्ही मोठ्यांपेक्षा जास्त आत पोचतो, जत्रेतला खेळण्यातला काळा चष्मा त्यांना दिवसभर उन्हात लावू देऊ नका. आणि ग्रहण बघायला खरा, खोटा, कुठलाच गॉगल नाही.

"मग काय बारा हजार घालू का?" भाच्याचा प्रश्न रास्त होता. नाही घालायचे. स्वस्त आणि नकली यात लोक गल्लत करतात. हजाराच्या आसपास खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत स्वतःच्या नावाचे गॉगल मिळतात, त्यावर कॅटेगरी लिहिलेली असते, पॉलिकार्बोनेट लिहिलेलं असतं, बिल मिळतं, काच खराब निघाली तर परत घेऊन जायला दुकान जागेवर असतं. अगदीच पैसे नसतील तर हार्डवेअरच्या दुकानातला, झेड ८७+ कोरलेला पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी चष्मा घ्या, दोन-चारशेत येतो, दिसायला काही खास नाही पण खड्याला तोंड देतो आणि पांढरा असला तरी यूव्ही अडवतो. आणि कोणी ओरिजिनल ओक्ली दोन हजाराला ऑनलाइन देत असेल तर ती पण कॉपीच आहे, फक्त आठपट भावाची.

भाचा त्याचा अडीचशेचा गॉगल कॉलेजला लावणार आहे, लावू दे, यूव्हीत तो पास झालाय. रविवारी सिंहगडाला माझा जुना गॉगल लावून येणारे, त्याचं नाकाचं पॅड सैल झालंय, ते उद्या संध्याकाळी बदलून घ्यायचंय.